मरू घातलेल्या म्हशीचे दूध

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली त्याच्या मनुष्यस्वभावाच्या ज्ञानाविषयी आम्हांला नितांत आदर आहे. परंतु त्या द्रष्ट्या पुरुषाला (किंवा स्त्रीला म्हणावे, कारण दुधाचा खरा हिशेब घरात तिलाच ठाऊक असतो) एक गोष्ट सुचली नव्हती, ती ही की, म्हैस अमुक सालच्या अमुक महिन्यात मरणार आहे असे मालकानेच आगाऊ जाहीर करून टाकले, तर दूध मणभर होण्यासाठी तिच्या प्रत्यक्ष मरणाची वाट पाहावी लागत नाही. ह्या शोधाचे श्रेय अमेरिकेतील डेट्रॉईट शहराला दिले पाहिजे. आणि म्हशीच्या जागी तेथे होती क्रायस्लर कंपनीच्या डॉज ह्या शाखेची व्हायपर नावाची स्पोर्ट्स कार.

ह्या मोटारीचा जन्मच मुळी सोयींविषयीच्या तिरस्कारातून झाला. १९८९ च्या जानेवारीत डेट्रॉईटच्या मोटार-प्रदर्शनात क्रायस्लर कंपनीने तिचा नमुना मांडला, तेव्हा कंपनीचे एक बडे अधिकारी बॉब लुट्झ यांच्या मनात, कॅरल शेल्बी यांनी साठीच्या दशकात गाजविलेल्या कोब्रा मोटारीचा पुनरवतार घडवावा असा संकल्प होता. आणि संकल्पच पुरातन असल्यामुळे त्यात अर्वाचीन सुखांना थारा नव्हता. १९९२ साली प्रत्यक्ष विक्रीस आलेल्या व्हायपरला आठ लिटरचे, दहा सिलिंडरांचे, ४०० अश्वशक्तीचे एंजिन होते; बाहेरून दार उघडण्यास मूठ नव्हती, खिडकीला काच नव्हती, वातानुकूलन नव्हते, अपघातसमयी फुगणाऱ्या एअरबॅगा नव्हत्या, आणि छप्पर म्हणून जे कापड मिळे त्याला छप्पर म्हणणे हा खरेदीदाराच्या सौजन्याचा भाग होता. पाऊस आला की प्लास्टिकचे पडदे चेन ओढून लावावयाचे, आणि दार उघडावयाचे तर बाहेरून तीच चेन सोडवून, आत हात घालून, चाचपडत कडी शोधावयाची; म्हणजे स्वतःच्या मोटारीत शिरण्याची मालकाची रीत आणि चोराची रीत ह्यांत कायद्याच्या दृष्टीने काही फरक असेल तर तो कागदोपत्रीच उरला होता. धुराचे नळ दोन्ही दारांखालून, कडेकडेने गेलेले. त्यामुळे उतरताना ज्याची पोटरी दाराच्या उंबऱ्याला टेकली त्याला आपण व्हायपरमधून उतरल्याची खूण पुढे कित्येक दिवस बाळगता येई. तसा इशारा देणारी चिठ्ठी कंपनी उंबऱ्यावरच डकवीत असे, परंतु ती वाचण्यासाठी जेवढे वाकावे लागे तेवढ्यात पोटरी टेकून गेलेली असे.

तिच्या प्रथम दर्शनाची हकीकतही तितकीच विलक्षण आहे. १९९१ च्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत अग्रभागी धावण्याचा मान डॉजच्याच स्टेल्थ नावाच्या मोटारीला मिळावयाचा होता. पण ती जपानात बनते असा हरकतीचा मुद्दा कामगार संघटनेने काढला आणि ऐन वेळी तो मान, अद्याप बाजारातही न आलेल्या व्हायपरच्या पदरात पडला. तिचे सारथ्य केले ते खुद्द शेल्बी यांनी, ज्यांच्यावर आदल्याच वर्षी हृदयरोपणाची शस्त्रक्रिया झाली होती. ही मोटार चालविण्यास एकट्या स्वतःच्या हृदयावर विसंबून चालत नाही, अशी वदंता त्यानंतर पसरली असल्यास नवल नाही.

आता, ज्या वस्तूवर माणसे इतके प्रेम करतात ती विकत घेण्यासही त्यांनी धाव घ्यावी, असा एक भाबडा समज कारखानदारांत असतो. व्हायपरने तो साफ खोटा ठरविला. पोरांच्या खोल्यांतील भिंतींवर तिची चित्रे लागली, व्हिडिओ गेममध्ये तिने हजारो अपघात केले, आणि दुकानात ती धूळ खात उभी राहिली. कंपनी संकटात सापडली तेव्हा २००८ मध्ये व्हायपरचा सगळा कारभारच विकून टाकण्याची तजवीज झाली, पण त्यालाही गिऱ्हाईक मिळाले नाही. अखेर २०१० साली उत्पादन थांबविण्यात आले, आणि निरोपादाखल ‘अंतिम आवृत्ती’ असे नामाभिधान असलेल्या अवघ्या ५० मोटारी काढण्यात आल्या. ह्या पन्नास भाग्यवंतांनी आपापल्या मोटारींवर आच्छादन घालून अश्रू पुसले न पुसले तोच २०१२ साली कंपनीने नवी, अधिक बलवान व्हायपर लोकांपुढे आणली! मयताचे तेरावे जेवून हात धुवावयास जावे आणि पाणी घालावयास मयतानेच पुढे यावे, तशी त्या पन्नास जणांची स्थिती झाली असली पाहिजे. त्यांच्यापैकी कोणी कंपनीवर फिर्याद केल्याचे आमच्या वाचनात नाही, ही अमेरिकन समाजाच्या सहिष्णुतेची साक्ष होय.

नव्या अवतारात ८.४ लिटरचे एंजिन आणि ६४०, पुढे ६४५, अश्वशक्ती होती. ताशी ३३० किलोमीटर वेग होता. गिअर मात्र पूर्वीप्रमाणे हातानेच बदलावयाचे, त्यात तडजोड नाही. शहरात ती गॅलनला १२ मैल जाई, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला जेमतेम पाच किलोमीटर. आणि अशा अधाशी वाहनांवर १९७८ च्या कायद्याने जो खास केंद्रीय कर बसविलेला आहे, तो खरेदीच्या वेळीच मोजावा लागे. हे सारे असूनही, किंवा असल्यामुळेच, अमेरिकेत सालाला सहाशे-सातशे व्हायपर खपत, आणि त्याच काळात शेव्हरोलेची कॉर्व्हेट एखाद्या सालात तीस हजारांच्याही वर जाई. २०१४ साली न खपलेला माल इतका साचला की डेट्रॉईटच्या कॉनर अव्हेन्यूवरील तो छोटेखानी कारखाना, जेथे ही मोटार हातांनी जुळविली जाई, दोन महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावा लागला. आणि त्याच वर्षी कंपनीने किंमत एकदम १५ हजार डॉलरांनी उतरविली.

येथे आमच्या भाच्याचा ह्या इतिहासात प्रवेश होतो. मजकूर इसम डेट्रॉईटच्या उत्तरेस, जेथे मराठी अभियंत्यांची वसाहत दाट आहे अशा उपनगरात राहतो, मोटारींचे सुटे भाग पुरविणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो, आणि महाविद्यालयात असल्यापासून व्हायपरच्या नावाने उसासे टाकतो. किंमत उतरल्याची वार्ता त्याने मला दूरध्वनीवर अत्यंत हर्षाने कळविली. “मग घेतलीस का?” असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “छे हो मामा, इतकी उतरलीय म्हणजे अजून उतरेल.” पंधरा हजार डॉलरांची सूट ज्याला हलवू शकली नाही, त्या माणसाची गणना मी त्या दिवसापासून स्थितप्रज्ञांत करू लागलो. परंतु गीतेतील स्थितप्रज्ञाला वस्तूचे उत्पादन बंद होणार असल्याची नोटीस कोणी दिली नव्हती.

ती नोटीस २०१५ च्या शरदात आली. कामगार संघटनेशी झालेल्या करारात, कॉनर अव्हेन्यूच्या कारखान्याला २०१७ नंतर काही काम ठेवलेले नाही, असा मजकूर निघाला आणि बातमी षट्कर्णी झाली. कारण दुहेरी होते. खप नाही हे खरे कारण. आणि सांगावयास बरे असे कारण म्हणजे केंद्र सरकारचा एक सुरक्षा-नियम, ज्यानुसार अपघातात प्रवासी बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकला जाऊ नये अशी तजवीज प्रत्येक नव्या मोटारीत असलीच पाहिजे, आणि ज्याच्या पूर्ण अंमलाची मुदत १ सप्टेंबर २०१७ ही होती. त्यासाठी डोक्याच्या बाजूला पडद्यासारख्या उलगडणाऱ्या एअरबॅगा बसवाव्या लागतात, आणि व्हायपरच्या छताखाली माणसाचे डोके कसेबसे बसते, तेथे पडद्याला जागा कोठली? ज्या मोटारीला जन्मतः खिडकीच नव्हती तिचा अंत खिडकीविषयीच्या नियमाने व्हावा, ह्यातील काव्यात्म न्याय सरकारी खात्याच्या लक्षात आला नसावा. खात्यांच्या लक्षात काव्य येत नाही, हे सरकारी तिजोरीत हयात घालविल्यामुळे मी साधार सांगू शकतो.

आणि मग दूध वाढू लागले. २०१६ च्या जूनमध्ये, व्हायपरच्या पंचविशीच्या निमित्ताने, कंपनीने निरोपाच्या पाच विशेष आवृत्त्या जाहीर केल्या. त्यांतील एक, कॅलिफोर्नियातील लागुना सेका ह्या शर्यतीच्या मार्गावर व्हायपरने १ मिनिट २८.६५ सेकंदांत फेरी पुरी केली त्या पराक्रमाच्या स्मरणार्थ, बेताच्या २८ मोटारींची होती. किंमत लाख डॉलरांच्या कितीतरी वर. ती चाळीस मिनिटांत संपली. पाचही आवृत्त्या पाच दिवसांत संपल्या, आणि लोकांची हळहळ पाहून कंपनीला आणखी एक काढावी लागली. पंचवीस वर्षे ज्या वस्तूला गुण असूनही गिऱ्हाईक नव्हते, तिच्या गुणांत तसूभरही भर न पडता, केवळ ‘ह्यापुढे मिळणार नाही’ एवढ्या एका दाखल्यावर ही उलथापालथ झाली. मुंबईतही आपण हेच पाहिले: २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची कायदेशीर मुदत संपली, तेव्हा तिच्या स्प्रिंग उघड्या पडलेल्या आसनाला आणि न लागणाऱ्या दाराला ज्यांनी उभी हयात शिव्या मोजल्या, तीच मंडळी तिला रेलून, डोळे किंचित ओले करून, छायाचित्रे काढवून घेत होती.

त्या चाळीस मिनिटांत आमचा भाचा काय करीत होता, असा प्रश्न वाचकांना पडेल. तो घरी संमती मागत होता. भाचेसूनबाईंची संमती मिळण्यास चाळीस मिनिटांहून अधिक काळ लागतो ही गोष्ट त्याला संसाराच्या अनुभवाने ठाऊक असावयास हवी होती. पण विनाशकाळी नव्हे, तर दुसऱ्याच्या विनाशकाळीही बुद्धी विपरीत होते. विशेष आवृत्ती हुकली. आता साधी का होईना, पण व्हायपर पाहिजेच, असा त्याने ध्यास घेतला, आणि ज्या दुकानदाराच्या दारावरून तो कित्येक वर्षे मोटारीकडे पाहत निर्धास्तपणे जात असे, त्याच दारात तो आता अर्जदार म्हणून उभा राहिला. दुकानदाराची मुद्राही पालटली होती. पूर्वी तो ‘या, बसा, चालवून पाहा’ म्हणून मागे लागे. आता तो दरखास्त वाचून पाहणाऱ्या मामलेदाराप्रमाणे, चष्म्यावरून, अर्जदाराची पात्रता न्याहाळू लागला. छापील किमतीवर त्याने जी रक्कम वाढवून मागितली तिला तेथे ‘बाजारभावानुसार समायोजन’ असे भारदस्त नाव आहे. आमच्या तिजोरीत तिला जे नाव होते ते ह्या लेखात देता येत नाही.

त्यातून रंगाचा प्रश्न. कंपनीची एक खास योजना होती, जिच्यात गिऱ्हाइकाला आठ हजार रंगांतून निवड करता येई, वर पट्टे कसे हवेत ते निराळे. आणि तुम्ही ठरविलेला मेळ त्या वर्षी दुसऱ्या कोणालाही मिळणार नाही असे अभिवचन मिळे. आठ हजार! लग्नाचा शालू घेताना दुकानदार जास्तीत जास्त दोनशे पसरतो आणि तेवढ्यावर दोन घराण्यांत कायमचे वितुष्ट येते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या घरातील पुढील महिन्याची कल्पना येईल. भाच्याला गडद निळा हवा होता. भाचेसूनबाईंनी प्रथम ‘मला ह्यात ओढू नकोस’ असे निक्षून सांगितले, आणि नंतर निळ्याच्या चौदा छटा नामंजूर केल्या. “मामा, तुम्हीच सांगा,” असे म्हणून त्यांनी रंगांचा तक्ता मजपुढे धरला, तेव्हा मी दोघांनाही मान्य होईल असा, म्हणजे दोघांनाही न आवडणारा, एक राखी रंग सुचविला आणि त्या वादातून माझी कायमची सुटका झाली. पुढे मंजुरीसाठी म्हणून पक्क्या रंगाची एक छोटी प्रतिकृती घरी आली. धाकट्या नातवाने तिच्यावर तत्काळ ताबा सांगितला; आणि आज मागे वळून पाहता, त्या सबंध व्यवहारात मोटार यथेच्छ चालविण्याचे सुख जर कोणाला लाभले असेल तर ते त्यालाच, असे म्हणणे भाग आहे.

कारण खरी मोटार आली ती न चालविण्यासाठी. हे मला समजावयास काही वेळ लागला. दुर्मिळ मोटारीचे मोल, भाच्याने मला सांगितले, तिने कापलेल्या मैलांच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रत्येक मैलागणिक ती स्वस्त होते. विमा उतरविणाऱ्याने सालाला अमुक मैलांवर जाऊ नये अशी अट घातलेली. काचेवर लावलेला किमतीचा कागद, जो लावणे १९५८ च्या कायद्याने सक्तीचे आहे आणि ज्याला तो कायदा आणणाऱ्या मोनरोनी ह्या सेनेटरचेच नाव पडले आहे, तो बहुतेक खरेदीदार घरी जाण्यापूर्वी फाडून टाकतात; भाच्याने तो सुरीने अलगद सोडवून, चौकट करवून, दिवाणखान्यात लावला आहे, आमच्या कैलासवासी भावजींच्या तसबिरीला लागून, आणि आकाराने थोडा मोठा. हिवाळ्यात मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फ वितळावे म्हणून मीठ पसरतात. ते मीठ पत्र्याला खाते. सबब पहिल्या बर्फापासून ते वसंतातील पहिल्या दणकट पावसाने रस्ते धुऊन निघेपर्यंत मोटार नजरकैदेत. त्या काळात तिला बॅटरीची नळी लावलेली, अंगावर मऊ आच्छादन, टायरांत हवा जरा चढी ठेवलेली. बाहेर तिच्यामुळे गॅरेजातून हद्दपार झालेली, रोज कामाला नेणारी, मुलांना शाळेत सोडणारी, किराणा वाहणारी जुनी होंडा मात्र बर्फात उभी. तिचे उत्पादन चालू आहे हा तिचा अपराध.

एकदा मात्र मला त्या मोटारीत बसण्याचा योग आला. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव होता, आकाश निरभ्र होते, आणि ‘मामा आल्येत’ ह्या सबबीवर भाच्याने स्वतःला परवानगी दिली. बसण्याचा म्हटले, पण ती क्रिया बसणे, पडणे आणि दाखल होणे ह्यांच्या मधली आहे. आसनावर पोहोचल्यावर रस्ता खांद्याच्या पातळीवर येतो आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या चाकातील नटबोल्ट मोजता येतात. एंजिन सुरू होताच माझ्या वरच्या पंक्तीतील कृत्रिम दात आपापसांत कुजबुजू लागले. ज्या मोटारीला ताशी ३३० किलोमीटर धावता येते तिच्यातून आम्ही ताशी ५५ च्या गतीने, डावी-उजवीकडची प्रत्येक खडी चुकवीत, मंडळाच्या सभागृहाशी पोहोचलो, आणि दुसऱ्या कोणाचे दार तिला लागू नये म्हणून वाहनतळाच्या इतक्या दूरच्या कोपऱ्यात ती उभी केली की आरती चुकली. उतरताना माझी पोटरी उंबऱ्याला टेकली. पंचवीस वर्षांत कंपनीने काचा दिल्या, मूठ दिली, वातानुकूलन दिले, पण मूळ तत्त्वाला बाध येऊ दिला नव्हता.

तरीही व्हायपरभक्तांच्या ह्या पंथाविषयी माझे मत वाईट नाही, आणि त्याला कारण त्यांची वर्गणी. जर्मनीतील न्यूर्बर्गरिंग हा वीस किलोमीटरहून लांब, डोंगरातून वळणे घेणारा मार्ग म्हणजे मोटारींची अखेरची परीक्षा; तेथे व्हायपरला शेवटचे एकदा न्यावे अशी तिच्या भक्तांची इच्छा होती, पण मरू घातलेल्या मोटारीवर खर्च करण्यास कंपनी राजी होईना. तेव्हा ह्या लोकांनी गणपतीला गोळा करावी तशी वर्गणी गोळा केली, २०१७ च्या उन्हाळ्यात दोन मोटारी समुद्रापार नेल्या, आणि ७ मिनिटे १.३ सेकंदांत फेरी पुरी केली. सात मिनिटांच्या आत यावे ही प्रतिज्ञा होती; दीड सेकंदाहून कमी अंतराने ती हुकली, आणि पुढच्या प्रयत्नांत एका मोटारीचा टायर निकामी होऊन ती आदळली. भाच्याने पावतीपुस्तक नसतानाही वर्गणी दिली होती. दिलेल्या पैशांची मोटार आदळली हे कळल्यावर त्याचा चेहरा उजळला, कारण जगातील व्हायपरांची संख्या त्यामुळे एकाने कमी झाली होती.

२०१७ च्या ऑगस्टअखेर कॉनर अव्हेन्यूचा कारखाना बंद झाला, आणि पुढील वर्षी कंपनीने तेथे आपल्या जुन्या व नमुन्याच्या मोटारी मांडून ठेवण्याचे ठरविले. निरोपाच्या विशेष आवृत्त्या आज मूळ किमतीहून चढ्या भावाने जातात. भाच्याच्या साध्या मोटारीलाही मागणी आहे, आणि एखादा मागणीदार अधूनमधून दारात येतो. तरी ह्या लेखामुळे कोणा वाचकाच्या मनात इच्छा उत्पन्न झालीच, तर त्याने कृपा करून भाच्याकडे विचारणा करू नये. प्रत्येक विचारणेनंतर तो त्या मोटारीची किंमत मनात वाढवितो, आणि मग महिनाभर तिला गॅरेजाबाहेर काढीत नाही.